मोक्याची जागा कोणाची? वरळीच्या चाळीपासून वांगणीपर्यंत

मागच्या महिन्यात बदलापूर स्टेशनच्या पुलावरून उतरताना एका मुलाने हातात कागद दिला. गुळगुळीत, रंगीत कागद. वर मोठ्या अक्षरांत ‘मुंबईच्या मध्यवर्ती भागात पुनर्विकासातील गुंतवणुकीची सुवर्णसंधी’. खाली लोअर परळ आणि वरळीचे टॉवर, गच्चीवरचा पोहण्याचा तलाव आणि काचेच्या भिंतीआड कॉफी पिणारे लोक.

तो कागद मी मावशीला दाखवला. मावशी लग्न होऊन वरळीच्या बीडीडी चाळीत आली आणि पंचवीस वर्षे तिथे राहिली. काकांची गिरणी बंद पडली, दोन वर्षे त्यांनी वॉचमनची नोकरी केली, मग खोली देऊन टाकली आणि आलेल्या पैशांत बदलापूर पूर्वेला वन रूम किचन घेतले. तिने चष्मा लावून कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "अगं, ही तर काकांच्या गिरणीची जागा. आम्ही होतो तेव्हा नाही कोणी हिला मोक्याची म्हणालं."

या लेखाचा विषय मावशीच्या त्या वाक्यातच आहे. एखादी जागा ‘मोक्याची’ कधी होते? ती तशी कोण करते? आणि ती मोक्याची झाली की तिथून सगळ्यात आधी कोणाला उठवले जाते? पुनर्विकासाच्या बातम्या आपण बिल्डर, चौरस फूट आणि एफएसआयच्या भाषेत वाचतो. आंबेडकरी तरुणांनी त्या इतिहासाच्या भाषेतही वाचायला हव्यात, कारण हा इतिहास आपला आहे.

शहर म्हणजे आपल्यासाठी फक्त पत्ता नव्हता

कोकणातून, घाटावरून आपली माणसे मुंबईला आली ती केवळ पोटासाठी आली, असे सांगितले जाते. ते अर्धे खरे आहे. गावात वतनाची कामे होती, येसकरकी होती, मेलेली ढोरे ओढणे होते, आणि राहायला गावकुसाबाहेरची जागा होती. मुंबईत हजेरीपुस्तकात नाव लागत होते आणि महिन्याला पगार मिळत होता. त्या पगारासाठी कोणाच्या दारात जोहार घालावा लागत नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्यांच्या गौरवावर जी कठोर टीका केली, तिच्यामागे हा अनुभव होता. बाबासाहेब स्वतः परळच्या पोयबावडीला बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये वीसेक वर्षे राहिले. महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा त्यांचा पत्ता तोच होता. दादरच्या राजगृहात ते नंतर गेले.

पण शहरानेही जात गेटाबाहेर ठेवली नव्हती. गिरण्यांमध्ये अस्पृश्य कामगार प्रामुख्याने रिंग खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या कामाला असत. जास्त पगाराच्या विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून काढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण विणकराला चालत नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर हाच प्रश्न ठेवला. कामगारांची एकजूट हवी असेल, तर विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी तुमच्या मागणीपत्रात आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढारी नाखुशीने तयार झाले. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. मतभेद होते, तरी लढा एकत्र झाला.

म्हणजे आज जिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत, तिथे आपल्या माणसांनी एकाच वेळी दोन लढाया लढल्या. एक मालकाशी आणि दुसरी शेजारच्या सांच्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या जातीशी. या जमिनीची किंमत काढताना त्या श्रमाची नोंद कुठल्या सातबाऱ्यावर आहे?

कोणाला नको असलेल्या चाळी

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ‘सुधारणा’ या नावाखाली दाट वस्त्या पाडल्या गेल्या. जितकी घरे पाडली, तितकी नवी बांधली गेली नाहीत. आजच्या पुनर्विकासाचा पहिला धडा इथे आहे. वस्ती पाडायला सरकारकडे नेहमीच निकड असते आणि घर द्यायला मात्र निधी नसतो.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, सुरू झाले. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचे ठरले होते. प्रत्यक्षात सोळा हजारांच्या आसपास बांधून झाल्या. २०७ चाळी उभ्या राहिल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक.

सुरुवातीला या चाळी ओस पडल्या होत्या, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. भाडे जास्त, वरळी लांब आणि सोयी नाहीत, म्हणून कामगार तिथे जायला तयार नव्हते. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा वापर तात्पुरता तुरुंग म्हणून झाला. ज्या इमारती कैदी ठेवायला योग्य वाटल्या, त्यांत पुढे गिरणी कामगार, पोलीस, सफाई कामगार, गोदी कामगार राहायला आले. आपल्या चाळी वेगळ्या आणि त्यांच्या चाळी वेगळ्या अशी अदृश्य वेस तिथेही होतीच. पण त्या वेशीच्या आत आपण शाळा चालवल्या, भीमजयंत्या उभ्या केल्या, वाचनालये काढली, कलापथके काढली आणि १९५६ नंतर विहारे बांधली. तुरुंगाची वस्ती माणसांनी केली आणि वस्तीची चळवळ केली.

१९७४: ही जागा आम्ही सोडणार नाही

१९७२ मध्ये दलित पँथर स्थापन झाली. ५ जानेवारी १९७४ रोजी पँथरने वरळीच्या आंबेडकर मैदानात सभा घेतली. मुंबईतल्या लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्काराची हाक दिली होती. सभेवर दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या आणि गोळ्या चालवल्या आणि पुढचे काही महिने वरळीच्या चाळी पेटत राहिल्या. १० जानेवारीला परळला निघालेल्या मोर्चावर दगड टाकला गेला आणि भागवत जाधव शहीद झाले. त्याच पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे यांचा आयोग नेमला गेला.

वरळीची दंगल आपण अस्मितेची लढाई म्हणून सांगतो आणि ती होतीच. पण समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती लढाई जागेची सुद्धा होती. कोणत्या गल्लीतून कोण जाणार, मैदानात सभा कोणाची होणार, नळावर कोण उभे राहणार याची ती लढाई होती. पोलीस आणि जमाव मिळून अंगावर आले तरी आपले लोक चाळी सोडून पळाले नाहीत. १९७४ मध्ये ते पळाले असते, तर आज पुनर्विकासात हक्क मागायला तिथे कोण उरले असते?

गिरणी गेली आणि जमीन राहिली

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी संपलाच नाही. कामगार देशोधडीला लागला आणि मालकांच्या लक्षात आले की, कापडापेक्षा गिरणीखालची जमीन महाग आहे. मुंबईत ५८ गिरण्या होत्या आणि त्यांची जमीन सुमारे ६०० एकर होती. यातली बरीच जमीन मालकांना ब्रिटिश सरकारने उद्योगासाठी अल्प भाड्याने किंवा सवलतीत दिलेली होती.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीची जमीन विकायची असेल, तर एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला एक तृतीयांश मालकाला, असे सूत्र होते. ते आदर्श नव्हते, पण जनतेचा हिस्सा त्यात मान्य केलेला होता. २००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी संपूर्ण जमिनीची नाही, तर जी जागा मोकळी आहे तेवढ्याचीच करायची. गिरणीचे बांधकाम ज्या जमिनीवर होते ती वाटणीतून बाहेर गेली. एका दुरुस्तीने शहराचा हिस्सा आटला. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने हा बदल रोखणारा निकाल दिला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्याच सुमारास राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या गिरण्यांचे लिलाव झाले. लोअर परळची मुंबई टेक्सटाइल मिल ७०२ कोटी रुपयांना गेली.

याची किंमत कोणी मोजली? २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. भोंग्याच्या काळातल्या त्याच पुलावर आता ऑफिसांची गर्दी लोटली होती. तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी मिळाला असता, रस्ते आणि पूल रुंद झाले असते, तर काय झाले असते याचा विचार करा. रोज सकाळी कर्जत, बदलापूर, अंबरनाथ लोकलला लटकून त्या ऑफिसांत हाउसकीपिंग, सिक्युरिटी आणि डेटा एन्ट्रीला जाणारी मुले कोण आहेत, हे मी सांगायला नको. ज्यांच्या आजोबांनी तिथे सूत कातले, त्यांची नातवंडे आता तिथल्या काचा पुसायला दोन तासांचा प्रवास करून जातात.

वांगणी आणि शेलू: दुसरी वेस

आता आपल्या भागाकडे या. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर आहे. त्याच्या पुढचे स्टेशन वांगणी आणि त्यापुढचे शेलू. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने गिरणी कामगारांसाठी ८१ हजार घरे याच वांगणी आणि शेलूला बांधण्याची योजना आणली. त्या निर्णयात एक कलम असे होते की, इथले घर नाकारणाऱ्या कामगाराचा घराचा हक्कच संपेल. म्हणजे गिरणी परळची, घाम परळचा आणि घर मात्र कर्जतच्या वाटेवर. नको म्हणाल, तर तेही नाही. ९ जुलै २०२५ रोजी म्हातारे गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर उतरले, तेव्हा कुठे ते कलम मागे घेण्याचे आश्वासन सरकारने दिले.

गावात वेस होती. आपण ती ओलांडून शहरात आलो. आता शहर आपली वेस नव्याने आखते आहे. फरक एवढाच की, या वेशीला कोणी जात म्हणत नाही, बाजारभाव म्हणतात.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घ्यायला हवा. अनेक मित्र म्हणतात, "ताई, १६० फुटांच्या खोलीत सहा माणसं राहण्यापेक्षा बदलापूरला हवेशीर घर काय वाईट? लोक स्वतःच्या मर्जीने आले." यात तथ्य आहे. मावशीला स्वतःचा संडास पहिल्यांदा बदलापूरला मिळाला आणि तिने तो आनंद मला अनेकदा सांगितला आहे. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी तिच्या सामाईक संडासासमोर पहाटे रांगेत उभे राहून पाहावे. पण मर्जी कशाला म्हणायचे? गिरणी बंद, पगार बंद, मुलीचे लग्न तोंडावर आणि हातात विकण्यासारखी एकच वस्तू, ती म्हणजे खोली. अशा वेळी केलेल्या व्यवहाराला अर्थशास्त्र ऐच्छिक म्हणते. समाजशास्त्राने तसे म्हणू नये. लोकांना चांगले घर हवे होते. ते तिथेच, त्यांच्या कामाच्या, शाळेच्या आणि चळवळीच्या जवळ मिळायला हवे होते. त्यांना एकच पर्याय दिला गेला: घर हवे तर शहर सोडा.

जे उठले नाहीत त्यांना काय मिळाले

आता त्याच वरळीच्या चाळींकडे परत जाऊ. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या १९५ चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत करायचे ठरले आणि २२ एप्रिल २०१७ रोजी भूमिपूजन झाले. शंका रास्त होत्या. कामे रखडली, रहिवाशांनी करारनाम्यासाठी, पात्रतेच्या अटींसाठी, संक्रमण शिबिरासाठी बैठकांवर बैठका घेतल्या आणि सह्या करायला नकार दिला. अखेर १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात त्याच जागेवर ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मोफत, हे कबूल झाले. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. चाळीस मजली इमारतीत, भर वरळीत, कष्टकऱ्यांची नावे दारावर लागली.

गिरणीच्या जमिनीवर जे झाले नाही, ते बीडीडीच्या जमिनीवर का झाले? एक, जमीन खासगी मालकाची नव्हती, सरकारची होती. दोन, लोक जागेवर होते, त्यांच्याकडे भाडेपावती होती आणि एका सुरात नाही म्हणण्याची सवय होती. शिवडीच्या १२ चाळी मात्र पोर्ट ट्रस्टच्या, म्हणजे केंद्राच्या जमिनीवर आहेत, म्हणून त्या या योजनेत मागे राहिल्या. त्याच बांधणीची, त्याच काळातली चाळ, पण जमिनीचा मालक वेगळा म्हणून नशीब वेगळे. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूलभूत उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, असे का मांडले, ते समजायला याहून सोपे उदाहरण नाही.

इंदू मिलचेही तेच. चैत्यभूमीजवळची सुमारे बारा एकर सरकारी गिरणीची जमीन लिलावाच्या रांगेत जाऊ शकली असती. ६ डिसेंबर २०११ रोजी आनंदराज आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन सेनेचे कार्यकर्ते आत शिरून बसले. वर्षभरात केंद्र सरकारने ती जमीन स्मारकासाठी देण्याचे संसदेत जाहीर केले. स्मारकाचे काम किती रखडले, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण अरबी समुद्राकाठच्या जमिनीवर आज टॉवर नाही, याचे कारण लोक तिथे जाऊन बसले हे आहे.

आणि बारवी? उल्हासनगर ज्या धरणाचे पाणी पिते, ठाणे-बेलापूरचे कारखाने ज्यावर चालतात, ते बारवी धरण एमआयडीसीने १९७२ मध्ये बांधले. मुंबईतून बाहेर ढकललेल्या माणसांनी इकडची शहरे फुगली, पाणी कमी पडू लागले आणि धरणाची उंची वाढवायची ठरली. त्या पाण्याखाली तोंडली, मोहघर अशी गावे आणि आदिवासी पाडे जाणार होते. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे हलायला नकार दिला. वाढीव पाणी २०१९ मध्ये साठवले गेले, पण त्याआधी मोबदल्याबरोबर प्रत्येक कुटुंबामागे एक नोकरी देण्याचे सरकारला मान्य करावे लागले. आपण बदलापूरला, अंबरनाथला, उल्हासनगरला नळ सोडतो तेव्हा हे विसरू नये. आपण विस्थापित आहोत आणि आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यासाठी दुसरे कोणी विस्थापित झाले आहे. ठाकूर, कातकरी बांधवांचा लढा आपला मानला नाही, तर वरळीबद्दल बोलायचा आपल्याला नैतिक अधिकार उरत नाही.

आता काय करायचे

चावी मिळाली म्हणजे लढाई संपली नाही. नव्या इमारतींच्या देखभालीचा भार पहिली १२ वर्षे रहिवाशांवर येणार नाही, असे ठरले आहे. तेराव्या वर्षी लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणेचा खर्च निवृत्त सफाई कामगाराच्या पेन्शनमधून निघणार आहे का? नाही निघाला, तर तोच रंगीत कागद घेऊन दलाल दारात उभा राहील आणि मावशीची गोष्ट पुन्हा घडेल, या वेळी चाळिसाव्या मजल्यावरून. म्हणून सोसायटीचा निधी, दुकानांच्या भाड्याचा हिस्सा आणि सौरऊर्जा यांचा हिशेब आजच मांडायला हवा.

दुसरे, जागा म्हणजे फक्त घर नाही. विहार, अभ्यासिका, सभेचे मैदान हे आराखड्यात नकाशावर, चौरस फुटांसकट लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर विहार उभे राहत नाही. २०२२ मध्ये या तीन वसाहतींना बाळासाहेब ठाकरे, शरद पवार आणि राजीव गांधी यांची नावे जाहीर झाली. त्या यादीत भागवत जाधव नाहीत. नाव कोणाचे लागते, यावरून इतिहास कोणाचा टिकतो हे कळते.

तिसरे, आपल्या वस्तीत पुनर्विकासाचा कागद आला, तर एकट्याने सही करू नका. जमीन कोणाच्या नावावर आहे, पात्रतेची तारीख कोणती, संक्रमण काळात राहायचे कुठे, भाडे कोण देणार, करार नोंदणीकृत आहे का, हे पाच प्रश्न समाजमंदिरात सगळ्यांसमोर विचारा. उल्हासनगरच्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांनी तर हे पाठच करावेत, कारण तिथे धोकादायक इमारतीची नोटीस आणि बिल्डरचा माणूस बरेचदा एकाच आठवड्यात येतात.

बाबासाहेबांनी आपल्याला शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. पुनर्विकासाच्या काळात शिकणे म्हणजे सातबारा, मालमत्ता पत्रक आणि करारनामा वाचायला शिकणे. संघटित होणे म्हणजे मजल्यावरच्या वीसही दारांचे एकमत. आणि संघर्ष म्हणजे बहुतेक वेळा एकच साधी गोष्ट, लेखी मिळेपर्यंत जागेवरून न उठणे.

तो रंगीत कागद मावशीने फेकला नाही. त्याच्या कोऱ्या पाठीवर तिने वाण्याची यादी लिहिली. मी म्हटले, "मावशी, वरळीला नवी घरं मिळाली, बघायला जाऊ या का?" ती म्हणाली, "जाऊ. पण आपलं कोण कोण तिथं टिकलंय ते आधी विचार."

तेच विचारायला मी पुढच्या रविवारी जाणार आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात अशी एक सोडलेली खोली आहे, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चाळ क्रमांक, खोली क्रमांक, गिरणी, खाते आणि खोली सोडल्याचे वर्ष विचारून लिहून ठेवावे. ती माणसे आहेत तोवरच हा इतिहास आपल्याकडे आहे.

जय भीम!